चावी देण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागून मुलाचे नाव महाविद्यालयाच्या यादीत आले, की आमच्या बेळगावकडील मध्यम स्थितीच्या घरांत एक विषय हमखास निघतो, आणि तो म्हणजे मोटारसायकलचा. वडगाव-शहापुराकडून टिळकवाडीस जावयाचे, अथवा खानापूर, नंदगड, उचगाव अशा गावांहून रोज शहर गाठावयाचे, तर बसच्या वेळा जुळत नाहीत. नवी गाडी घ्यावी, तर किंमत लाखाच्या घरात. तेव्हा दहा-बारा वर्षे वापरलेली एखादी शंभर सीसीची गाडी पंचवीस-तीस हजारांत पाहावी, असे ठरते. मग घरातील जाणता पुरुष, बहुधा काका किंवा मामा, गाडी पाहावयास जातो. तो टाकीवरून हात फिरवितो, एक किक मारतो, मूठ दोनदा पिळून इंजिनाचा आवाज ऐकतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतो, आणि विकणारा ‘एका हाताची गाडी आहे साहेब, काही बघायला नको’ असे म्हणाला की त्याचे समाधान होते. हे आम्ही इतक्या खात्रीने लिहू शकतो, याचे कारण तीन वर्षांपूर्वी तो जाणता मामा आम्ही स्वतःच होतो.

भाच्यास अठरा वर्षे पुरी झाली होती आणि परवाना हाती आला होता. आमच्या धाकट्या बहिणीने भिशीचे पैसे त्यासाठी राखून ठेवले होते. गाडी चकचकीत होती. आधीच्या मालकाने ती अधिक रुबाबदार दिसावी म्हणून चेनवरचे कव्हर आणि मागच्या चाकाजवळचे साडी गार्ड काढून टाकले होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हालाही ते रूप बरे वाटले. ‘गाडी नीट सांभाळ रे बाबा,’ एवढा उपदेश करून आम्ही चावी त्याच्या हाती दिली. मुलगा गुणी. त्याने सांगितल्याप्रमाणे गाडी सांभाळली. म्हणजे काय केले, तर दर रविवारी साबणाचा फेस करून आणि पाण्याचा जोराचा फवारा मारून ती धुतली. प्रत्येक धुण्याबरोबर उघड्या चेनवरचे उरलेसुरले वंगण निघून जात होते, आणि चेनला तेल द्यावयाचे असते हे त्यास कोणीच सांगितले नव्हते. पुढे पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस आणि खानापूर तालुक्यातील लाल चिखल यांचे वर्णन या अंकाच्या वाचकांस करण्याचे कारण नाही. एके दिवशी आईला मागे बसवून खानापुराहून परत येत असता ढिली झालेली चेन मागच्या दातेरी चक्रावरून उतरली, हबाजवळ अडकली आणि चाक जागच्या जागी थांबले. वेग बेताचा होता, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते आणि मागून येणारी मालमोटार बरीच दूर होती. या तीन गोष्टींमुळे बहिणीच्या मनगटाचे हाड मोडण्यावर भागले. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तिने आम्हाला एवढेच विचारले, “अण्णा, गाडी तू बघितली होतीस ना?” भाचा मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मामा, मी दर रविवारी धुतली की!”

त्या दिवसापासून आमचे एक मत बनले आहे आणि ते या अंकातून पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे, असे आम्हास वाटते. ज्याला जुनी मोटारसायकल चालवावयाची आहे, त्याने ती आधी राखावयास शिकावे. आणि ती राखता येते असे त्याने दाखविल्याखेरीज वडील माणसांनी चावी देऊ नये. परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरील खुणांचा अर्थ विचारतात, गाडीने इंग्रजी आठाचा आकडा काढावयास लावतात; चेन किती ढिली असावी, टायरमध्ये हवा किती असावी, हे कोणी विचारीत नाही. ते विचारण्याचे काम घराचे आहे, आणि आमच्या मते शाळेचेही आहे.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, याचे कारण जुन्या गाड्याच आपल्या मालकास शिकवीत असत. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत तयार झालेल्या जावा व येझदी गाड्या ज्यांनी वापरल्या, त्यांना आठवत असेल की पेट्रोल भरताना त्यात ठराविक प्रमाणात ऑइल मिसळावे लागे आणि प्लगवर काजळी धरली की रस्त्याच्या कडेला तो काढून साफ करावा लागे. त्या काळचा मालक अर्धा मिस्त्री झाल्यावाचून राहतच नसे. आजची चार-स्ट्रोक गाडी सोशिक आहे. ती महिनोन् महिने काही मागत नाही, तक्रार करीत नाही, आणि म्हणूनच तिला काही लागत नाही असा आपला समज होतो. आणखी एक गोष्ट आमच्या गावास विसरता येण्याजोगी नाही. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली याच बेळगावात एका सायकलच्या दुकानापासून झाला. उद्यमबागेत आजही ओतकाम आणि यंत्रकाम करणारे शेकडो हात आहेत. अशा गावातील सुशिक्षित घरांत पाना हातात धरणे कमीपणाचे मानावे, याचे आम्हाला नवल वाटते.

आता प्रत्यक्ष राखावयाचे म्हणजे काय? आम्ही मिस्त्री नव्हे. परंतु या तीन वर्षांत भाच्याबरोबर मातीत बसून जे शिकलो, ते सांगतो.

चेनपासूनच आरंभ करू, कारण तिनेच आम्हाला शिकविले. गाडी मेन स्टँडवर उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा आणि चावी काढून खिशात ठेवावी. हे शेवटचे वाक्य कृपया दोनदा वाचावे. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनवर चिंधी धरण्याची वाईट खोड अनेकांस असते. चिंधी दातांत ओढली गेली की तिच्यामागोमाग बोटे जातात. चाक हातानेच फिरवावे. दोन चक्रांच्या मध्यावर चेनचा खालचा पदर बोटाने वर-खाली हलवून पाहावा. साध्या शंभर सीसीच्या गाडीत तो साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावा. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथले माप धरावे. फार ढिली चेन उतरते हे आम्ही भोगले. परंतु फार ताणलेली चेनही बेअरिंग खाते आणि तुटू शकते, हे नवशिक्यास ठाऊक नसते. तो ‘घट्ट म्हणजे चांगली’ अशा समजुतीने नट आवळीत सुटतो. चेन ओढताना मागचे चाक मागे सरकते. ते दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखेच सरकले पाहिजे, नाहीतर गाडी तिरकी धावते. आणि चाक सरकल्यामुळे मागच्या ब्रेकचा मोकळेपणाही बदलतो, तो पुन्हा जुळवावा लागतो. हे काम पहिल्या दोन वेळा जाणत्या माणसास शेजारी बसवूनच करावे. साफ करण्यास थोडे रॉकेल व जुना ब्रश पुरतो. मग चेन कोरडी पुसून नव्वद नंबरचे गिअर ऑइल कड्याकड्यांत मुरू द्यावे आणि वरचे पुसून टाकावे. पावसाळ्यात हा क्रम आठवड्याचा असावा. ज्या गाड्यांना पूर्ण कव्हर असते, त्यांत चेन पाहण्यासाठी रबरी बूच लावलेले एक भोक ठेवलेले असते. ते कित्येक मालकांनी जन्मात उघडलेले नसते.

जुनी गाडी घेतानाच चेनची परीक्षा होऊ शकते. मागच्या चक्राच्या अगदी मागील टोकास चेन धरून ती मागे ओढावी. ती उचलली जाऊन दात अर्ध्याहून अधिक उघडा पडत असेल, अथवा दात कोयत्याच्या टोकाप्रमाणे एका अंगास वाकलेले असतील, तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागणार. हजार-बाराशे रुपयांची ती बाब आहे. आम्ही गाडी पाहावयास गेलो तेव्हा हे करण्यास अर्धे मिनिट लागले असते. आम्ही ते अर्धे मिनिट टाकीच्या रंगावर खर्च केले.

टायरविषयी थोडेसे. रबर नुसते झिजतच नाही, ते म्हातारेही होते. टायरच्या बाजूस लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. कमी वापरलेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात आणि वयाने जुने असतात. बाजूस बारीक भेगा दिसल्या तर त्यांवर विश्वासू नये. नक्षीच्या खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीस आले की टायरचे आयुष्य संपले. हवा टायर थंड असताना पाहावी. या वर्गाच्या गाड्यांत पुढे साधारण २५ आणि मागे एकट्यासाठी २८ असा आकडा असतो, व मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरात अधिक भरावी लागते. आईला घेऊन निघालेल्या मुलाने हे केले पाहिजे, आणि पेट्रोल पंपावर हवेला पैसे पडत नाहीत.

ब्रेकबाबत नवशिक्याने स्वतः तीनच गोष्टी कराव्यात: पायाचा ब्रेक किती दाबल्यावर धरतो ते दर आठवड्यास पाहावे, केबलच्या टोकांस तेलाचा थेंब द्यावा, आणि ड्रमवरील झिजेची खूण पाहावी. पुष्कळ गाड्यांत ब्रेक पूर्ण दाबला असता एक लहान बाण दुसऱ्या खुणेकडे सरकतो. दोन्ही एका रेषेत आले की आतील लायनर संपले. लायनर स्वतः बदलावयास जाऊ नये; आणि ड्रम उघडला असता आतील भुकटी फुंकून तर मुळीच उडवू नये, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास घातक आहे. डिस्क ब्रेक असेल, तर त्याचे तेल हवेतील ओल शोषून घेते. साधारण दोन वर्षांनी ते मिस्त्रीकडून बदलून घ्यावे.

इंजिनाच्या ऑइलची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते, तरी एक घोटाळा वारंवार होतो. घरी मोटारीसाठी आणलेले ऑइल उरलेले असते, ते ‘वाया का घालवा’ म्हणून मोटारसायकलमध्ये ओततात. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिनाच्या त्याच ऑइलात बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलातील घसरण वाढविणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ असा शिक्का पाहून घ्यावा. खालचा बोल्ट बसविताना जोर करू नये. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्या सहज खातो, आणि मग साडेतीनशे-चारशेच्या ऑइलापायी हजारोंचे काम निघते. काढलेले काळे ऑइल परसात किंवा गटारात ओतणे हा मात्र आम्ही गुन्हाच समजतो. ज्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या तालुक्यातल्या माणसाने तरी ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

बॅटरीचे पाणी, प्लग, हवेची जाळी यांची माहिती पुस्तिकेत सोपी करून दिलेली असते. तिचा विस्तार येथे नको.

आमच्या या मताला तीन आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा की, आताच्या गाड्या इलेक्ट्रॉनिक झाल्या, त्यांत हाताने करण्यासारखे काय उरले? एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, हे खरे. त्या भागास घरी हात लावू नये, हेही खरे. परंतु चेन, टायर, ब्रेकचे लायनर आणि केबल यांना इलेक्ट्रॉनिक्सने स्पर्श केलेला नाही, आणि माणूस पडतो तो यांच्यामुळे. दुसरा आक्षेप, अपुरे ज्ञान घातक असते. याला आम्ही मान देतो. म्हणूनच आम्ही पाहण्यावर भर देतो, उघडण्यावर नव्हे. ज्याला पाहता येते, त्याला मिस्त्रीकडे केव्हा जावे हे कळते, आणि तेथे जाऊन ‘जरा बघा’ असे न म्हणता ‘चेन एका जागी ताठ होते’ असे सांगता येते. आमच्या भाच्याची गाडी अपघातापूर्वी एका गॅरेजमधून ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ होऊन आली होती. तेथे काय केले आणि काय केले नाही, याचा आम्ही शोध घेतला नाही. कारण आम्ही काय करा म्हणून सांगितले होते, याचेच उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या मिस्त्रीस दोष देणे सोपे होते, न्यायाचे नव्हते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. यांत बहुसंख्य बळी भरधाव वेगाचे होते. मग चेनच्या तेलाने काय साधणार, असे एका स्नेह्यांनी आम्हास विचारले. वेगावर आम्ही व्याख्याने पुष्कळ दिली आहेत आणि मुलांनी ती ऐकून घेतली आहेत. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ब्रेकची झीज पाहिली आहे, नख लावून टायरची भेग तपासली आहे, तो त्याच गाडीवर बसून मूठ पिळताना थोडा तरी निराळा वागतो, असा भाच्याच्या बाबतीत आमचा अनुभव आहे. एकाच मुलावरून सिद्धान्त करीत नाही, अनुभव सांगतो. साडी गार्डाची गोष्ट तर वेगाचीही नव्हे. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून किमान निम्मे चाक झाकणारे संरक्षण असावे, असा मोटार वाहन नियमांत दंडकच आहे, आणि तरीही रुबाबासाठी पहिला बळी त्याचाच जातो. सायलेन्सरचा आवाज वाढला तर शेजारी भांडावयास येतात. साडी गार्ड काढले तर कोणी चकार शब्द काढीत नाही.

कागदपत्रांविषयी एकच सूचना, कारण ती आमच्या सीमेवरच्या लोकांस विशेष लागू आहे. कोल्हापुरास किंवा गोव्यात गाडी स्वस्त मिळते म्हणून पुष्कळजण तिकडून आणतात. परराज्यातील गाडीस मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती इकडे ठेवावयाची तर येथील क्रमांक घेऊन कर भरावा लागतो. तो खर्च धरून मग स्वस्त-महाग ठरवावे, आणि पैसे देण्यापूर्वी इंजिनचा व चॅसीचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. तुमच्यापैकी बहुतेकांस गिअरची गाडी चालविण्यास अजून तीन-चार वर्षे अवकाश आहे. अठरा वर्षांच्या आत ती रस्त्यावर नेली आणि काही गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. परंतु चौदाव्या वर्षी वडिलांच्या किंवा काकांच्या गाडीची चेन पुसून तिला तेल देण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. ही मधली वर्षे आम्हास फार मोलाची वाटतात. या वयात मुलाला गाडीची ओढ असते आणि चालविण्याची मुभा नसते. त्या ओढीला हेच काम द्यावे. मुलींनाही द्यावे. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुली आज स्कूटरवरून नोकरीस जातात, आणि हवा कमी झाली की भावाची वाट पाहतात. त्यात त्यांचा दोष नाही. शनिवारी सकाळी गॅरेजात मुलगा उभा राहतो तेव्हा मुलीस कोणी बोलावीत नाही, एवढेच.

तेव्हा आम्ही या शाळेचे एक जुने विद्यार्थी या नात्याने माननीय मुख्याध्यापकांस अशी विनंती करतो की, नववीच्या वर्गांसाठी पावसाळ्यापूर्वी चार शनिवार या कामी द्यावेत. शाळेच्या मागची सायकलींची शेड त्यास पुरेशी आहे. उद्यमबागेतील आमचे दोन परिचित मिस्त्री विनावेतन येण्यास तयार आहेत. त्यांतील एकजण याच शाळेत आठवीपर्यंत शिकलेले आहेत. भाच्याच्या गाडीची ती उतरलेली चेन, तिचे दोन झिजलेले लायनर आणि भेगाळलेला मागचा टायर आम्ही घरी जपून ठेवला आहे. ते सर्व शाळेस देऊ. गाडीही आणू. तिला आता कव्हर आणि साडी गार्ड दोन्ही बसविले आहे, आणि रविवारी ती धुतल्यावर भाचा चेनला तेल देतो तेव्हा आमची बहीण चहाचा पेला घेऊन पायरीवर बसून ते पाहत असते.